वर्ग कोणी झाडायचा?

पोलादपूरजवळच्या आमच्या शाळेत गेल्या जूनपर्यंत रोज पावणेदहाला मुलींवर अन्याय व्हायचा. वर्ग त्यांनीच झाडायचे, परिपाठाचे हुकूम मात्र मुलगे सोडणार! नव्या मुख्याध्यापिका बाईंनी दोन्ही कामांच्या पाळ्या लावल्या. बाई प्रत्येक आज्ञा ‘बरं का’ म्हणून संपवतात. इथं शिकवणाऱ्या मलाही त्याचा धाक वाटतो.

मुंबईत गाववाल्यांबरोबर खोलीवर राहणारा एक बाप गावी आला, तो तणतणतच शाळेत शिरला. “माझा पोरगा झाडू मारणार नाय. तुमची बदलीच करवतो!”

“करवा, बरं का. मुंबईत खोलीवर कोण झाडतं, दादा?”

त्याचा आवाज खाली आला. “आमीच. पाळी हाय.”

“मग शिकवा लेकाला, बरं का,” म्हणत बाईंनी त्याच्याच हाती झाडू दिला. पोरी खो खो हसल्या. त्याने वर्ग लख्ख झाडला.

उद्या पावणेदहाला तुमच्या गावच्या शाळेत जा. फक्त पोरीच वाकलेल्या दिसल्या, तर मुख्याध्यापकांना तिथंच जाब विचारा.