आमच्या ऑनलाइन भरतीवर्गाचा पहिला नंबर

आधी चहा संपवा आणि मग ऐका. मध्येच ठसका लागला तर माझ्या नावानं बोंब मारू नका. माझ्या हातून जो गाढवपणा झालाय, तो सांगायची हिंमत करायलाच मला दोन महिने लागलेत!

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि रहिमतपूरजवळ भरतीचा वर्ग काढला. शिट्टी मारायची, पोरं पळवायची. साधं काम. पण दोन वर्षांपूर्वी पोरांच्या डोक्यात ऑनलाइनचं खूळ शिरलं. म्हणे, खंडाळ्यापासून पलूसपर्यंतची पोरं आहेत, येण्याजाण्यात दिवस जातो, तर सर, तुम्ही मोबाइलवरच शिकवा.

पळायला! मोबाइलवर! उद्या पोहायलाही शिकवा म्हणतील, बादलीपुढं बसवून.

आणि तो वर्ग म्हणजे काय सांगू! रोज संध्याकाळी सात वाजता पडद्यावर बेचाळीस चौकोन. एकाचं नुसतं कपाळ, दुसऱ्याच्या घरचा पंखा, तिसरा 'नेट गेलं सर' म्हणून जो जायचा तो थेट पुढच्या आठवड्यात उगवायचा. सगळे एकदम बोलायचे, म्हणून मी सगळ्यांना कायमचं म्यूट करून टाकलं. कुणी हात वर केला तरी बघायचो नाही. फौजेत कुणी प्रश्न विचारतं का?

एक फायदा मात्र होता, नाही म्हणणार नाही. पोरांच्या मोबाइलवर चालणं-पळणं मोजणारं अ‍ॅप होतं. दिवसभरात कोण कुठून कुठं किती पळाला, ते नकाशासकट माझ्या मोबाइलवर आपोआप यायचं. म्हणजे थापा बंद!

सगळे चार-पाच किलोमीटर पळायचे. पलूसची अश्विनीही तेवढंच. ही पोरगी गेल्या वर्षी पोलीस भरतीत आठशे मीटरला दोन सेकंदांनी राहिली. यंदा वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. आणि सहा महिने माझं वेळापत्रक पाळूनही तिची वेळ जिथल्या तिथं. साहजिकच मी सगळ्यात जास्त तिलाच झापायचो.

अशात आटपाडीकडच्या माळावरचा बिरू वर्गात आला. धनगराचा पोरगा, काटकुळा. पहिल्याच दिवशी सतरा किलोमीटर! दुसऱ्या दिवशी अठरा!

मी नकाशा उघडला आणि थक्क झालो. पोरगं सरळ पळतच नव्हतं. थोडं चालायचं, थांबायचं, एकदम सुसाट सुटायचं, परत थांबायचं. कधी डावीकडं, कधी उजवीकडं. दुपारी तीन तास एका जागी. संध्याकाळी उतारावरून भन्नाट वेगानं घरी.

आता शहाण्या माणसाला इथंच शंका आली असती. पण मी कसला शहाणा! मी वर्गात छाती काढून सांगितलं, "बघा, मठ्ठांनो! याला म्हणतात शास्त्रशुद्ध सराव! असं वाकडं पळणाऱ्यावर शत्रूला नेमसुद्धा धरता येत नाही! उद्यापासून सगळ्यांनी बिरूच्या नकाशाप्रमाणं पळायचं!"

बिरूचा हात वर होता. काहीतरी बोलतही होता बिचारा. मला वाटलं, आभार मानतोय.

आठ दिवसांत अश्विनीच्या आईचा फोन. "आवं सर, पोरगी उसाच्या बांधानं पिऊन आल्यागत पळतीया. मधीच थांबती, मधीच उधळती. लोकं हसत्यात आमाला."

"हसू द्या. ते शास्त्र आहे."

"कसलं शास्तर म्हनायचं हे?"

मी फोन ठेवला. अडाण्यांशी कोण वाद घालणार?

तीन आठवडे झाले आणि मी ठरवलं, या बिरूचा सत्कार करायचा. त्याच्या घरी जाऊन, सगळ्या वर्गाला लाइव्ह दाखवून. बायको म्हणाली, "आवं, एकदा त्या पोराशी बोला तरी." मी म्हटलं, तुला पळण्यातलं काय कळतंय? फेटा घेतला, झेंडूचा जाडजूड हार घेतला आणि निघालो.

माळावर पोचलो. बिरू समोर आला. "सर, मला कवाधरनं सांगायचंय..."

"नंतर!" मी त्याला फेटा बांधला, मोबाइल स्टँडवर लावला. टाळ्या ऐकू याव्यात म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बेचाळीस जणांचा आवाज चालू केला. भाषण ठोकलं. मग म्हटलं, आता या वाघाचा आजचा सराव दाखवतो. बायकोचा मोबाइल बरोबर आणला होता, त्यावर अ‍ॅप उघडून कॅमेऱ्यापुढं धरलं.

बिरूच्या नावाचा ठिपका समोरच्या टेकडीवर पळत होता.

मी बिरूकडं पाहिलं. फेटा बांधून माझ्याशेजारी उभा. ठिपक्याकडं पाहिलं. तो आता सुसाट सुटलेला.

"बिरू, तू इथंच आहेस ना?"

"व्हय सर."

"मग तिकडं पळतोय कोण?"

टेकडीआडून घंटांचा आवाज आला आणि धुरळा उडवत मेंढरं उतरली. सगळ्यात पुढं एक दांडगा मेंढा, गळ्यात लाल पिशवी. मागनं बिरूचा बाप काठी टेकत आला.

"आवं सर, घरात फोन एकच. खिशातनं दोनदा पडला, म्हनून बायकूनं पिशवी शिवून म्होरच्या मेंढ्याच्या गळ्यात आडकवली."

"मी रोज पळतो सर," बिरू खालमानेनं म्हणाला, "पर फोनबिगर. तेच तर सांगत हुतो. तुमी म्यूट केल्तं न्हवं का."

मोबाइलमधून जो हशा उठला म्हणता! तरी म्यूटचं बटण दाबायला बोट उचलेना.

शरमेनं लाल झालो आणि ओरडलो, "ते वेळापत्रक रद्द! उद्यापासून माझं जुनं चालू!"

"नगं सर!" अश्विनीचा आवाज. "आवं, माझी आठशेची येळ आठ सेकंदांनी कमी झालीया. काल दोनदा मोजून बघिटली. आता मी बसतीया भरतीत!"

"माझी बी कमी झालीया!" खंडाळ्याचा एक जण ओरडला. मग दुसरा. मग सगळेच. सहा महिन्यांत मला जे जमलं नाही, ते मेंढ्यानं तीन आठवड्यांत करून दाखवलं होतं, तेही चरता चरता.

"मग सर," अश्विनीनं अगदी साळसूदपणे विचारलं, "हार कुनाला घालताय?"

काय करणार? वाकलो आणि त्या मेंढ्याच्या गळ्यात हार घातला. त्यानं लगेच झेंडू खायला सुरुवात केली, आणि बेचाळीस जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन वर्षांच्या माझ्या ऑनलाइन वर्गात पहिल्यांदाच टाळ्या वाजल्या, आणि त्याही गुरुजींसाठीच. फक्त गुरुजी मी नव्हतो.