चाकातली हवा

"उतर खाली. सायकलवर बसून हात पाहून राह्यला काय बे?"

चौकातला पोलीस माझ्या बाबांना म्हणाला. बाबा कचेरीत शिपाई. वय पन्नाशीचं. पोलीस माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल.

वाशीमच्या त्या चौकात तेव्हा लाल-हिरवे दिवे नव्हते, आजही नाहीत. पोलिसाचा हात हाच सिग्नल. हात आडवा झाला की थांबायचं, खाली आला की निघायचं. हे मला अकोल्याच्या इंग्रजी शाळेत शिकवलं होतं. पुठ्ठ्याचा चौक करून, खेळण्यातल्या गाड्या फिरवून. सायकलवाल्यानं एक पाय जमिनीला टेकवून थांबावं, मोटारसायकलवाल्यानंही तसंच थांबावं. दोघांना एकच कायदा. पुठ्ठ्याच्या चौकात सगळं नीट चालायचं.

बाबा मात्र हात दिसला की सायकलवरून उतरायचे. हात नसला तरी उतरायचे. शिरपूरकडच्या आमच्या गावात पाटलाच्या दारासमोरून आमच्या माणसानं सायकलवर बसून जायचं नाही, ढकलत न्यायची, अशी रीत होती. आम्ही बौद्ध झालो, बाबांना नोकरी लागली, गाव सुटलं. पायांतली सवय सुटली नाही.

सुट्टीत घरी आल्यावर मीच त्यांना म्हणाले होते, "बाबा, उतरायचं नसतं. पाय टेकवला की झालं."

त्या सकाळी ते पहिल्यांदा उतरले नाहीत. पोलिसाचा हात आडवा होता. बाबा सीटवर, पाय टेकवलेला. शेजारी माझी सायकल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. थोडे हसलेही.

मागून फटफटीचा भोंगा वाजला. आमच्या गावच्या पाटलाचा मुलगा. त्यानं बाबांना ओळखलं.

"वा रे वा! शयरात आला अन् सीटवरून उतरनं भुलला काय?"

आडव्या हाताखालून तो सरळ निघून गेला. जाताना त्याच्या फटफटीचं हँडल बाबांच्या हँडलला लागलं. बाबा सायकलसकट कोसळले. कोपर सोललं. पोलिसानं शिटी वाजवली नाही. आडवा हात उचलून त्यानं फटफटीला सलाम ठोकला.

मग तो आमच्याकडे आला. बाबा तेवढ्यात उठून पुन्हा सीटवर बसले होते. तेव्हाच तो म्हणाला, "उतर खाली."

बाबा उतरले. "चुकलं साहेब."

काय चुकलं? ते मी आजही विचारते.

त्यानं वाकून बाबांच्या सायकलची हवा सोडली. पुढच्या चाकाची, मग मागच्या. पानठेल्यावरची माणसं हसली. बाबा त्या सुस्काऱ्याकडे पाहत उभे राहिले.

"आता तू उतर वं पोरी."

मी कमी बोलणारी. शाळेत बोलीला हसतात म्हणून गप्प, घरी इंग्रजीला हसतात म्हणून गप्प. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य घशापर्यंत आलं. ते मी गिळलं.

"हात सगळ्यायसाठी होता न? मंग त्याले काहून नाई थांबवलं?"

"तुले कायदा शिकवाचा हाय काय मले?"

"मी थांबली व्हती. मी उतरत नाई."

मी बसलेली असतानाच त्यानं माझ्या चाकांची हवा सोडली. सायकल माझ्याखाली हळूहळू खाली बसली. मी उतरले नाही. तो जागेवर परतला, त्याचा हात पुन्हा आडवा होऊन खाली आला, तेव्हाच पॅडल मारलं. रिकाम्या टायरवर, खडखडत.

मागून बाबा सायकल ढकलत येत होते. "उतर माय, ट्यूब फाटून जाईन."

"फाटू द्या."

ट्यूब फाटल्या. दुसऱ्या दिवशी बाबा चौकात पुन्हा उतरले. पन्नास वर्षं ज्यांनी उतरवलं, त्यांचा हिशेब मी बाबांकडे मागणार नाही.

आता मी नोकरीला त्याच चौकातून जाते. हात आडवा झाला की थांबते. एक पाय जमिनीवर, दुसरा पॅडलवर. मागे फटफटीचा भोंगा वाजत राहतो. कायद्यासाठी मी थांबेन. माणसासाठी उतरणार नाही. हवा सोडायची असेल त्यानं यावं. मी सीटवरच आहे.