खालापूरच्या शेतातली झोळी

आधीच स्पष्ट करते — भूत, बाधा, लागीर यातलं मला काहीही पटत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे हद्दपार झाले. कुणी अमावस्येचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. मग हे का लिहितेय? कारण गेल्या दिवाळीपासून मला चैन नाही.

मी कर्जतला राहते, घरूनच काम करते. इंग्लंडमधल्या लोकांना आपले पूर्वज शोधायचे असतात. त्यांच्यासाठी मी चर्चच्या जुन्या नोंदींचे स्कॅन वाचून टाइप करते — बाप्तिस्मा, लग्न, दफन. अक्षर असलं की डोळे फुटावेत. त्यातच मार्गारेटबाईंची ओळख झाली, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या आजीचा जन्म इकडचा, बाप घाटातल्या रेल्वेच्या कामावर ओव्हरसियर. ती तान्ही असतानाच बापाने तिला विलायतेला धाडलं आणि पुढे सांगितलं, आई तुला टाकून गेली. आजी मरेपर्यंत तेच उराशी धरून होती. मार्गारेटबाईंना एवढंच हवं होतं… खरंच टाकून गेली का?

नाही गेली. मला दफनाची नोंद सापडली. आजीची आई, विशीतली पोर, बाळंतपणात गेली, खालापूरच्या रस्त्यालगत शेतात पुरली. मार्गारेटबाई फोनवर ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, जागा शोध, मला दाखव.

विचारत विचारत गेले. भातकापणी चालू होती. बांधावर आंब्याखाली क्रूस कोरलेला दगड, वरच्या फांदीला झोळी, आत तान्हं पोर. जवळ कुणी नाही. झोळी मात्र संथ हलत होती… ऊन रणरणतं, झाडाचं पान हलत नव्हतं. म्हटलं, आत्ताच कुणी झोका देऊन गेलं असेल. उभी राहिले. झोका थांबेचना.

शेताच्या मालकीणबाई, सखूताई, विळा घेऊन आल्या. म्हणाल्या, त्यांच्या आजेसासूच्या काळापासून कामावरच्या बायका पोरं इथंच ठेवतात, इथं पोर रडत नाही म्हणे. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे लोकांच्या लेखी हडळ! दगडाखाली कोण आहे हे कळलं तर दगडसुद्धा उखडून टाकतील. मी गप्प राहायचं ठरवलं आणि मार्गारेटबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

त्या बघतच राहिल्या. मग हळूच विचारलं, झोका कोण देतंय? मी काय सांगणार, कपाळ! तेवढ्यात सखूताईंनी विळा खाली ठेवून पोराला उचलून छातीशी घेतलं. रिकामी झोळी तशीच हलत राहिली.

सखूताईंनी फोनमधल्या म्हातारीकडे पाहिलं. म्हणाल्या, “हिच्याच घरातली ना गं ती बाळंतीण?”

“तुम्हाला ठाऊक आहे?” मी विचारलं.

“आमाला म्हाईत हाय. तिचं पोर लांब नेलं ना… म्हणून आमची देतो आमी तिच्याकडं.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाईंनी तोंडावर हात धरला.

बाळंतिणीची गोष्ट गावात सांगोवांगी टिकली असेल, ते पटतं. झोळीचं काय? फांदी पाहिली, दोर पाहिला, वारा नव्हताच. तेवढं मला छळतं.

मार्गारेटबाई अजून अधूनमधून विचारतात, आज तिच्याकडे कुणाचं बाळ आहे? मी सखूताईंना फोन करून विचारते आणि मार्गारेटबाईंना त्या बाळाचं नाव कळवते.