फरशी कधी बसवणार?

हॉलमध्ये मी हट्टाने राखाडी काँक्रीटची जमीन करून घेतली. घासून पॉलिश केल्यावर तिच्यात ढगांसारख्या छटा उमटल्या. वास्तुशांतीला आलेल्या काकू मात्र तिच्यावर पाय घासून म्हणाल्या, "अगंबाई, नुसता कोबाच? फरशी कधी बसवणार?"

मी मनात उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आई घाईने, ओशाळून म्हणाली, "बसवायचीय हो, कारागीरच मिळत नाहीये."

आपल्याकडे सिमेंट दिसलं की काम अर्धवट समजतात. वरून काहीतरी चढवल्याशिवाय लोकांचं समाधानच होत नाही.

काकूंनी आता मला न्याहाळलं. "आणि हिच्या लग्नाचं?"

"बघतोय," आई त्याच ओशाळ्या आवाजात म्हणाली.

मला ओरडून सांगायचं होतं, की काही राहिलेलं नाही, हे असंच पूर्ण आहे. मी चहाचे कप उचलून आत गेले.