वायरीतली गळती

पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पण डोक्यातली लाइन काही बंद झाली नाही. घरात काहीही बिघडलं की त्यांचं निदान ठरलेलं: माल चांगलाच निघतो, वाटेत गळतो. नळाला पाणी कमी, तर पाइपात गळती. मोबाइलला रेंज नाही, तर हवेत गळती. त्यामुळे गेल्या वर्षी भजनातली झांज त्यांना ऐकू येईनाशी झाली, तेव्हा दोषी कोण हे आधीच ठरलं होतं.

"स्पीकरची वायर बारीक हाय. झांज वाटेतच मरते," ते म्हणाले.

वायर होती हातभर. एवढ्याशा वाटेत मरायला झांज काय इतकी नाजूक आहे, असं मी विचारलं. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत विज्ञानात नापास झाले होते.

झांज मला ऐकू येत होती. आईला तर स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीतही येत होती. टर्बाइनच्या घरघरीत पप्पांनी सगळी नोकरी काढली आणि कानात कधी बोळा म्हणून घातला नाही. मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखायचं, मग कान झाकून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. आणि तरी रोज सकाळी स्कूटर काढून जेल रोडला भाजी आणायला जायचे. मागून ट्रकने हॉर्न दिला तर यांना कळेल का, या विचाराने ते परत येईपर्यंत माझा चहा गार व्हायचा. मला भीती वाटायची, आणि तिचा राग यायचा तो पप्पांवर.

शेवटी मी सौदा केला. "तुमच्या मनासारखी वायर टाकते. तरीही झांज आली नाही, तर मुकाट्याने डॉक्टरकडे यायचं."

"यीन की. पण दोन-दोन वायरी टाकायच्या. त्या व्हिडिओतल्यासारख्या."

आमच्या स्पीकरच्या पाठीला वायरीसाठी दोन जोड आहेत. वरचा जोड बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचा, खालचा जाड आवाजाच्या मोठ्याचा. दोन्हींच्या मध्ये पितळी पट्टी असते, म्हणून एकाच वायरीवर दोन्ही चालतात. पप्पांनी मोबाइलवर बघितलेल्या त्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, पट्टी काढा, दोघांना वेगवेगळ्या वायरी द्या, मग आवाज कसा खुलतो बघा. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर एवढ्या खुशीत मी एमजी रोडवरून वायर आणली.

रविवारी दुपारी स्पीकर भिंतीपासून ओढून मी मागे बसले. पट्ट्या काढल्या. दोन्ही स्पीकरच्या खालच्या वायरी लावून झाल्या. वरच्या अजून हातातच होत्या, त्यांची टोकं सोलत होते, तेवढ्यात पप्पांनी दम न निघून भजन सुरू केलं.

आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. नुसता मृदंग आणि बुवांचा घोगरा सूर. छोटे स्पीकर जोडलेलेच नव्हते, तर झांज येणार कुठून? "थांबा, अजून..." असं म्हणत मी डोकं वर काढलं.

पप्पा खुर्चीच्या टोकावर आले होते. डोळे मिटलेले, मांडीवर बोटांचा ताल.

"आली!" ते म्हणाले. "अगं, आली झांज! लय स्पष्ट!" मग आईला हाक मारली, "ऐकलंस का, बाहेर ये!"

आई हात पुसत दाराशी आली. तिने माझ्या हातातल्या वायरी बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टरकडे न्यायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण इतके खूश झालेले पप्पा मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

मी अॅम्प्लिफायर बंद केला, वरच्या वायरी लावल्या, पुन्हा सुरू केला. झांज खणकन खोलीभर झाली. आई दचकली. पप्पांचा चेहरा होता तसाच राहिला, बोटं त्याच तालात.

"म्हणलो होतो ना," ते म्हणाले, "कानाला काय बी झालं नाय."

"हो, पप्पा."

"काय?"

मी परत, मोठ्याने, हो म्हटलं.