आईच्या टाचा आणि काळा गोटा

रस्ता रुंद करायला आमच्या गावाजवळची घाटी उभी कापली आहे. परवा एसटी तिथे थांबली आणि खिडकीतून डोंगराचं पोट दिसलं. वर तांबडी माती, तिच्याखाली जांभा, मग पिवळट चिकण माती आणि तिच्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दगड.

असाच एक दगड बाबांनी आमची विहीर खणताना वर आणला होता. आई घाटावरची, काळ्या मातीतली. "आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुमची माती म्हणजे नुसता विटांचा चुरा," असं ती बाबांना सारखं ऐकवायची. त्या दिवशी बाबांनी दगडाचे तांबडे पापुद्रे बोटांनी सोलले. आतून काळाकुट्ट गोटा निघाला.

"अगो, बघ. हा तुझ्या माहेरचाच दगड. इथल्या पावसात कुजून कुजून त्याची ही माती झालीय."

आईने तो गोटा न्हाणीपाशी ठेवला आणि रोज संध्याकाळी त्यावर टाचा घासून इथली तांबडी माती काढत राहिली. चाळीसेक वर्षं.

दगडाची माती व्हायला किती हजार पावसाळे लागले असतील, कोण जाणे. माणसाला तेवढे लागत नसावेत. आई गेली त्या दिवशी मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत गच्च तांबडी माती बसली होती.