चाळीस सेकंदांचा लंबक

मी सातवीत असताना खडी फोडता फोडता कपचा उडाला आणि बापाचा एक डोळा गेला. आई दोघांच्या वाटचं राबायला लागली, तरी भागेना. अक्का तेव्हा नववीत होती आणि माझ्याहून हुशार होती. तिची शाळा सुटली, हातात खुरपं आलं. माझी शाळा चालू राहिली, कारण मी मुलगा होतो. पुढं कितीतरी वर्षं मात्र ती माझ्या हुशारीमुळं चालू राहिली असंच मी समजत होतो.

कंधार तालुक्यातलं आमचं हायस्कूल निजामाच्या काळातलं. दगडी भिंती, उंच छत, घंटेच्या जागी लटकवलेला रुळाचा तुकडा. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव वाचलं, पण प्रयोगशाळेच्या भिंतीला तडा गेला. इंजिनिअरनं खोली धोक्याची ठरवली आणि आम्हाला पत्र्याच्या शेडात बसवलं. कुलूप आधीही उघडत नव्हतंच. आता त्याला सरकारी कारण मिळालं.

प्रयोग अडले नाहीत. शाळेची जुनी रीत होती: दहावीतल्या सगळ्यात नीटनेटक्या पोराची प्रयोगवही मास्तर ठेवून घ्यायचे आणि पुढच्या वर्षीचा वर्ग ती उतरवून काढायचा. एक मीटर दोरा, लंबकाची वीस आंदोलनं, चाळीस सेकंद. भिंत हलली, पण हा आकडा हलला नाही. माझ्या वर्षी माझी वही निवडली गेली. मुख्याध्यापकांनी ती प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना दाखवली. त्या दिवसापासून मी स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागलो.

त्या वर्षांत आमच्याकडची पोरं लातूरला पळत होती. तिथं गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या आणि पाट्यांवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. मीही निघालो. एका कॉलेजच्या खास तुकडीत निवड झाली तरच वसतिगृहात जागा मिळणार होती, नाहीतर परत गाव. अक्का बसपर्यंत आली आणि म्हणाली, "वापस आलास तर माझ्यासंगं निंदायला यावं लागंल. खुरपं धरता येतं का तुला?" मी हसलो. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याला माझा दहावीचा नंबर दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा त्यानं झोपल्याचं सोंग घेतलं.

लेखी परीक्षा बरी गेली. मग प्रत्येकासमोर एक लंबक टांगला आणि वीस आंदोलनांचा वेळ काढायला सांगितलं. लंबक खरोखर टांगलेला मी पहिल्यांदाच बघत होतो, पण घाबरलो नाही. वळणदार अक्षरात चाळीस लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी कागद देऊन टाकला.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी कागद बघितला, मग मला.

"दोरा मोजलास का रे?"

"न्हाई सर."

"मग चाळीस कुठून आणलेस?"

"शाळेतून, सर."

"लंबक हलवलास तरी का?"

"आमच्या शाळेत हालवत न्हाईत सर. लिहितेत."

खोलीभर हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी मुद्दाम निम्म्या मीटरचा दोरा बांधला होता; चाळीस येणं शक्यच नव्हतं. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि खोली बंद होईपर्यंत वेळ आहे म्हणून सांगितलं.

मी मोजायला बसलो. पहिल्यांदा गोळा एवढ्या जोरात सोडला की तो स्टँडवर आदळला. दुसऱ्यांदा जाणं एक आणि येणं दुसरं असं धरलं. तिसऱ्यांदा मोजता मोजता बाराच्या पुढं अक्का आठवली आणि आकडा विसरलो. चौथ्यांदा अठ्ठावीस सेकंद आले. खात्री म्हणून पाचव्यांदा मोजले, तेवढेच आले. अठ्ठावीस लिहिलं. तोवरच्या शिक्षणात मी स्वतः शोधलेला हा एकच आकडा.

निवड यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. डॉक्टर व्हायचं म्हणून आलो होतो, तेवढे मार्क काही पडले नाहीत. पण लातुरातच पाच वर्षं काढली आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.